वाचकांची पत्रं: डो-रे-मीवाला आणि भुताच्या पिक्चरवाला एकच माणूस?

नमस्कार मंडळी. मे महिना, नागपूर, दुपारचे साडेतीन. कूलरची टाकी दुसऱ्यांदा भरून झाली, वाळ्याचा वास येऊन राहिला आहे आणि मी तुमची पत्रं घेऊन बसलोय. मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो, की द साउंड ऑफ म्युझिक आणि द हॉन्टिंग, म्हणजे एक गाण्यांचा पिक्चर (डो-रे-मी हे गाणं त्यातलंच) आणि एक भुताचा, दोन्ही एकाच दिग्दर्शकाचे आणि ते पण जेमतेम दोन वर्षांच्या अंतरानं. झालं. एवढ्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की सावजीच्या लेखावर पण आली नव्हती, आणि त्या लेखावर तर लोक भांडले होते. म्हणून आजचं सदर सगळंच त्या एका माणसावर. बाकीच्यांचे प्रश्न पुढच्या वेळी, रागावू नका.

सर, आमच्या शाळेत गॅदरिंगला दरवर्षी डो-रे-मी बसवायचे, तीस वर्षं बसवलं. तुम्ही म्हणता तो भुताच्या पिक्चरवाला नक्की तोच का? नाव सारखं असेल हो. (निवृत्त शिक्षिका, धंतोली)

तोच मॅडम. रॉबर्ट वाइज. आणि नुसतं गाणं आणि भूत एवढ्यावर थांबला असता तरी ठीक होतं, या माणसानं बॉक्सिंगचा पिक्चर केला, काउबॉयचा केला, पाणबुडीचा केला, परग्रहावरून येणाऱ्या पाहुण्याचा केला, कंपनीच्या बोर्डरूममधल्या खुर्चीसाठीच्या मारामारीचा केला, आणि वयाच्या पासष्टीला स्टार ट्रेकचा पहिला पिक्चर पण यानंच केला.

जन्म १९१४ चा, इंडियाना राज्यातल्या विंचेस्टर नावाच्या लहान गावातला. पत्रकार व्हायचं होतं. १९३३ साल, अमेरिकेत मंदी, कॉलेजचं एक वर्ष झालं आणि पुढच्या वर्षाला घरात पैसे नाहीत. मोठा भाऊ हॉलिवूडमध्ये आरकेओ नावाच्या स्टुडिओत अकाउंट्सला होता, त्यानं याला चिकटवला. आपल्याकडे याला वशिला म्हणतात. पण वशिल्यानं मिळालं काय, तर शिपिंग रूम. म्हणजे फिल्मचे डबे इकडून उचला, तिकडे नेऊन टाका. तिथून तो आवाजाच्या एडिटिंगला गेला, मग संगीताच्या, मग एडिटरचा असिस्टंट, मग एडिटर, मग दिग्दर्शक. दहा वर्षं लागली डब्यापासून दिग्दर्शनापर्यंत.

तुमच्या लाडक्या पिक्चरची गंमत तर पुढेच आहे. साउंड ऑफ म्युझिक आधी विल्यम वायलर करणार होता, तो मध्येच सोडून गेला. वाइज त्या वेळी द सँड पेबल्स नावाच्या युद्धपटाची तयारी करत होता, ते काम लांबत चाललं होतं, म्हणून मधल्या रिकाम्या वेळात त्यानं हा घेतला. मधल्या वेळात! त्याला पाच ऑस्कर, त्यात बेस्ट पिक्चर आणि बेस्ट डायरेक्टर दोन्ही याचेच कारण निर्माता पण हाच. त्याच्या चार वर्षं आधी वेस्ट साइड स्टोरीला दहा ऑस्कर, तिथे पण तसंच.

आणि डो-रे-मी पुन्हा बघाल तेव्हा एक करा, डोळे गाणाऱ्यांवर न ठेवता मागच्या जागेवर ठेवा. डोंगर, बाजार, पूल, घोडागाडी, शेवटी बागेतल्या पायऱ्या. गाणं एका श्वासात चाललंय आणि खाली जमीन बदलून राहिली आहे, पोरं एका ओळीत डोंगरावर आणि पुढच्या ओळीत गावात, आणि आपल्याला धक्का बसत नाही. हे कोण करू शकतो? ज्यानं अनेक वर्षं दुसऱ्यांची गाणी टेबलावर जोडली आहेत तो. तुम्ही स्टेजवर पोरांना एका रांगेत उभं करत असाल, बरोबर? तुमच्याकडे कात्री नव्हती ना, त्याच्याकडे होती.

दादा, मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, वय २४. मला पिक्चर डायरेक्ट करायचाय. बाबा म्हणतात आधी एक काम धड कर, एक ना धड भाराभर चिंध्या. एडिटर माणूस डायरेक्टर होऊ शकतो का? एका हळदीच्या व्हिडिओची लिंक पाठवतोय, बघून सांगा. (मानेवाडा)

लिंक बघितली. बेचाळीस मिनिटं. ती पूर्ण बघितली हे आधी नोंदवून घे, कारण नवरीकडच्यांनी पण बघितली असेल की नाही मला शंका आहे. त्याच्यावर शेवटी बोलतो.

होऊ शकतो का हे मला कशाला विचारतोस, आपल्याच गावात बघ. राजकुमार हिरानी नागपूरचा, वडलांचं इथे टायपिंग इन्स्टिट्यूट होतं, तो पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये एडिटिंग शिकला, २००० साली मिशन काश्मीर एडिट केला आणि २००३ ला मुन्नाभाई घेऊन आला. त्याच्या आधी हृषीकेश मुखर्जी, बिमल रॉयचा दो बिघा जमीन त्यांनी कापला, मग आनंद, गोलमाल, चुपके चुपके केले. तर रस्ता काही नवा नाही, पायवाट पडलेली आहे.

पण वाइजचा रस्ता तुझ्यासाठी जरा जास्त कामाचा, कारण तो प्रत्येक खोलीत झाडू मारून पुढे गेला. आवाज कसा बसवतात, संगीत कुठे सुरू होतं कुठे थांबतं, हे सगळं त्यानं हातानं केलं. आणि मग १९४० साली ऑर्सन वेल्स नावाचा पोरगा सिटिझन केन करून राहिला होता त्याचा एडिटर म्हणून याला बोलावणं आलं. पोरगा म्हणतो कारण वेल्स पंचवीस वर्षांचा, आणि वाइज त्याच्यापेक्षा फक्त आठ महिन्यांनी मोठा. दोन तरण्याबांड पोरांनी एका टेबलावर बसून जे केलं त्याचा अभ्यास जगभर अजून चालू आहे.

त्यातला एक सीन सांगतो, नाश्त्याच्या टेबलाचा. केन, म्हणजे एका पेपरचा मालक, आणि त्याची पहिली बायको. सुरुवातीला लग्न नवं आहे, दोघं जवळ बसलेत, लाडीगोडी चालली आहे. कॅमेरा सर्रकन बाजूला फिरतो, धूसर होतो, आणि पुन्हा तेच टेबल पण काही महिने उलटलेत, ती म्हणते तू रात्रभर पेपरच्या ऑफिसात असतोस. पुन्हा सर्रकन. आता सूर चढलाय. पुन्हा. कपडे बदलतात, खुर्च्यांमधलं अंतर वाढतं, वाक्यं लहान होत जातात. शेवटी दोघं टेबलाच्या दोन टोकांना, कोणी काही बोलत नाही. तो स्वतःचा पेपर वाचतोय आणि ती? ती त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा पेपर वाचतीय! दोन-अडीच मिनिटांत अख्खा संसार मोडला, एक ताट फुटलं नाही की कोणी रडलं नाही. आपल्या सिरियलमध्ये एवढ्याला दीडशे भाग जातात.

आणि त्याच पिक्चरमध्ये सुरुवातीला एक खोटी न्यूजरील, म्हणजे बातमीपट, आहे, केनच्या आयुष्याची. ती जुनी दिसायला पाहिजे होती. तर याच्या टीमनं काय केलं, जाळीदार कापडात वाळू घेतली आणि नवीकोरी फिल्म त्यातून ओढली, ओरखडे पडावेत म्हणून. तुझ्याकडे आता त्याला एका क्लिकचा फिल्टर आहे, माहीत आहे मला, तू हळदीच्या व्हिडिओत तो लावलेला पण आहेस, का लावलास ते मात्र कळलं नाही.

दिग्दर्शन कसं मिळालं ते ऐक. १९४३ साल, व्हॅल ल्यूटन नावाचा निर्माता आरकेओसाठी कमी पैशातले भीतीपट काढायचा. द कर्स ऑफ द कॅट पीपल चालू होता, वाइज त्याचा एडिटर. मूळ दिग्दर्शक इतका मागे पडला की ठरलेले दिवस संपत आले आणि पिक्चर निम्माच झालेला. त्याला काढलं आणि वाइजला सांगितलं तू पूर्ण कर. का त्यालाच? तर झालेलं निम्मं फुटेज त्याच्याच टेबलावर होतं, काय आहे आणि काय नाही हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. नाव बघून वाटतं मांजरीचा शाप वगैरे काहीतरी असेल, आणि आत एका एकट्या पडलेल्या लहान मुलीची गोष्ट निघते, फार हळवी. पुढच्याच वर्षी बोरिस कारलॉफ आणि बेला लुगोसीला घेऊन द बॉडी स्नॅचर. मग चालूच.

आता तुझी हळद. सतराव्या मिनिटाच्या आसपास नवरीची आजी हळदीची वाटी बाजूला ठेवते, पदराला हात पुसते आणि नातीकडे बघत नुसती बसून राहते. अख्ख्या बेचाळीस मिनिटांत तेवढा एक पिक्चर आहे. तो तू चार सेकंद ठेवलास आणि लगेच ड्रोन. ड्रोन एकूण सहा वेळा येतो, मी मोजला. आजीला दहा सेकंद दे, गाणं तिथे बंद कर, लोकांचा आवाज राहू दे. ड्रोन एकदा पुरे. आणि बाबांना सांग की चिंध्या जोडून गोधडी पण होते, पण आधी सुई हातात बसली पाहिजे, त्यामुळे बाबांचं निम्मं बरोबर आहे.

ज्या माणसानं ऑर्सन वेल्सच्या पिक्चरची वाट लावली त्याचं कौतुक करायला तुम्हाला लाज वाटत नाही का? (फिल्म सोसायटीचा जुना सभासद, रामदासपेठ)

थोडी वाटते. पण पूर्ण गोष्ट सांगू द्या, बाकीच्यांना संदर्भ माहीत नसेल.

केननंतर वेल्सनं द मॅग्निफिसंट अँबरसन्स केला, एडिटर पुन्हा वाइज. शूटिंग संपवून वेल्स १९४२ च्या सुरुवातीला दुसऱ्या पिक्चरसाठी ब्राझीलला निघून गेला. पिक्चर साधारण १३१ मिनिटांचा. मार्चमध्ये पोमोना गावात लोकांना दाखवून बघितला. युद्धाचे दिवस, त्याच्या आधी त्याच थिएटरात एक गाण्याबजावण्याचा हलकाफुलका पिक्चर चालू होता, पब्लिक त्या मूडमध्ये, आणि समोर आला एका श्रीमंत घराण्याच्या पडझडीचा संथ उदास पिक्चर. लोक नको तिथे हसले, काही उठून गेले. स्टुडिओवाले घाबरले. वाइजनं ब्राझीलला जाऊन वेल्सबरोबर बसायचं ठरलं होतं पण युद्धामुळे विमानप्रवास जमला नाही, मग तारा आणि फोन. शेवटी पिक्चर ८८ मिनिटांवर आला, शेवट बदलला, काही नवे तुकडे शूट केले, त्यातले काही वाइजनंच. आणि काढलेलं फुटेज स्टुडिओनं नष्ट करून टाकलं. संगीतकार बर्नार्ड हर्मन इतका भडकला की त्यानं श्रेयनामावलीतून नाव काढून घेतलं.

कात्री वाइजच्या हातात होती यात काही वाद नाही. हात कोणाचा होता हा प्रश्न आहे, आणि माझं मत असं की तो स्टुडिओचा होता, पगारी माणूस होता, त्यानं नाही केलं असतं तर दुसऱ्यानं केलं असतं आणि कदाचित जास्त वाईट केलं असतं. तुम्ही म्हणाल हा पगारी माणसाचा नेहमीचाच बचाव आहे. आहे. मला पण तो पूर्ण पटत नाही. पण ८८ मिनिटांचा जो उरलाय तो बघताना अजूनही घसा दाटून येतो, म्हणजे कापणाऱ्याला कळत होतं की काय वाचवायचं.

आणि एक गोष्ट तुमच्या बाजूनं पण सांगतो, वीस वर्षांनी वेस्ट साइड स्टोरीच्या वेळी जेरोम रॉबिन्सला, ज्याचं ते मूळ नाटक आणि नाच, फार वेळ आणि पैसा खातो म्हणून शूटिंगच्या मधूनच काढलं. या वेळी मात्र सहदिग्दर्शक म्हणून रॉबिन्सचं नाव पडद्यावर राहिलं, आणि दिग्दर्शनाचा ऑस्कर पहिल्यांदाच दोघांत वाटला गेला. अँबरसन्सची आठवण त्या वेळी वाइजला झाली असेल का? मला आपलं वाटतं, झाली असेल.

भुताच्या पिक्चरमध्ये भूतच दाखवलं नाही म्हणता, मग घाबरायचं कशाला? (महाल)

भाऊ, आपण लहानपणी गच्चीवर झोपायचो तेव्हा चिंचेच्या झाडावर काय होतं? काहीच नव्हतं. तरी पांघरूण डोक्यावरून घ्यायचो ना, एवढ्या उकाड्यात?

द हॉन्टिंग, १९६३, ब्लॅक अँड व्हाइट, शूटिंग इंग्लंडमध्ये. एका जुन्या बदनाम वाड्यात चार जण राहायला येतात. दोन बायका एका खोलीत झोपल्यात, अंधार, भिंतीपलीकडून कोणीतरी पुटपुटतंय. त्यातली एक, एलेनॉर, दुसरीला म्हणते माझा हात घट्ट धर. आपण तिचा चेहरा बघतोय. हात इतका घट्ट आवळला जातो की तिला कळ लागते. शेवटी ती किंचाळते, दिवा लागतो, आणि दुसरी बाई खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला आपल्या पलंगावर झोपेतून उठून राहिली आहे. मग एलेनॉर स्वतःच्या हाताकडे बघते, की मी धरला होता तो हात कोणाचा?

बस. भूत नाही, रक्त नाही. नंतर एका सीनमध्ये जाड लाकडी दार बाहेरून कोणी दाबल्यासारखं आत फुगतं, श्वास घेतल्यासारखं, आणि पुन्हा सपाट होतं. तेवढंच. वाड्याच्या भिंती वाकड्या वाटाव्यात म्हणून वाइजला एक खास रुंद लेन्स पाहिजे होती, कंपनी म्हणाली ती अजून नीट तयार नाही, चित्र विकृत येतं. हा म्हणाला तेच तर पाहिजे, आणि लेन्समध्ये दोष आहे हे मला मान्य आहे अशी लेखी सही देऊन ती घेतली. न दाखवता घाबरवायचं हे ल्यूटनच्या हाताखाली शिकलेलं, तिथे भूत उभं करायला पैसेच नसायचे. वीस वर्षांनी पैसे होते तरी दाखवलं नाही.

त्याचा एकही पडला नाही का? (एका ओळीत उत्तर द्या, तुम्ही फार लांबवता. वर्धमाननगर)

पडले की, १९६८ चा स्टार! साउंड ऑफ म्युझिकच्याच ज्यूली अँड्र्यूजला घेऊन सणकून आपटला. ही झाली एक ओळ, आता माझी: १९७९ च्या स्टार ट्रेकला रिलीजची तारीख आधीच ठरलेली होती, स्पेशल इफेक्ट्सचं काम उशिरा दुसऱ्या हातात गेलं, आणि जो माणूस आयुष्यभर एडिटिंगवर जगला त्याला स्वतःच्याच पिक्चरचं एडिटिंग मनासारखं करायला वेळ मिळाला नाही. ते त्यानं पूर्ण केलं २००१ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, डीव्हीडीसाठी. २००५ मध्ये तो गेला.

हिचकॉकचा पिक्चर दोन मिनिटांत ओळखू येतो. या वाइजचा शिक्का कोणता? शिक्का नसेल तर मोठा दिग्दर्शक कसा? (पत्रकारितेची विद्यार्थिनी, प्रतापनगर)

हा आजचा खरा प्रश्न, आणि तू एकटी नाहीस, १९६८ साली अँड्र्यू सॅरिस या अमेरिकन समीक्षकानं दिग्दर्शकांची वर्गवारी केली तेव्हा त्यानं पण वाइजला वरच्या पंगतीत बसवलं नव्हतं. दिग्दर्शक म्हणजे लेखकासारखा, त्याची सही प्रत्येक फ्रेमवर पाहिजे, असा तो जमाना. वाइजची सही कुठे दिसत नाही, म्हणून तो कारागीर. आपल्याकडे राजा परांजप्यांचं काहीसं असंच झालंय, लाखाची गोष्ट सारखी कॉमेडी करणारा माणूस पाठलाग सारखं रहस्य पण करतो, जगाच्या पाठीवर पण करतो, आणि आपण पिक्चर लक्षात ठेवतो, माणूस विसरतो.

पण मी वाइजचे पिक्चर एकामागे एक बघितले, या उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडायची सोय नाही म्हणून, आणि मला एक गोष्ट दिसत गेली. तो प्रत्येक वेळी काहीतरी काढून टाकतो. भुताच्या पिक्चरमधून भूत काढलं ते वर सांगितलंच. १९५४ चा एक्झिक्युटिव्ह सूट, कंपनीचा प्रमुख मरतो आणि त्याच्या खुर्चीसाठी सगळे अधिकारी झुंजतात, यात पार्श्वसंगीतच नाही. एक सूर नाही. घंटेचा टोल, रस्त्यावरचा गोंगाट, बस. आणि हा माणूस करिअरच्या सुरुवातीला संगीत एडिट करायचा, हे लक्षात घे! संगीत कुठे लागतं हे माहीत असलेल्यालाच ते कुठे लागत नाही हे कळतं. १९५१ च्या द डे द अर्थ स्टुड स्टिल मध्ये परग्रहावरचा पाहुणा वॉशिंग्टनला तबकडीतून उतरतो, त्याच्याकडे जग भस्म करायची ताकद आहे, आणि तो करतो काय तर अर्धा तास जगभरातली वीज बंद करतो. दवाखाने आणि उडती विमानं सोडून. गाड्या थांबल्या, लिफ्ट थांबल्या, शांतता. दुसऱ्या कोणी बिल्डिंगी पाडल्या असत्या.

दुसरं म्हणजे तयारी. १९५८ चा आय वॉन्ट टू लिव्ह, फाशीची, म्हणजे तिथे गॅस चेंबरची, शिक्षा झालेल्या बाईची खरी गोष्ट. ते दाखवायचं तर आधी बघितलं पाहिजे म्हणून हा सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात जाऊन एक प्रत्यक्ष शिक्षा बघून आला. पिक्चरचा शेवटचा भाग बघ, कोणी भाषण देत नाही, नुसती तयारी दाखवतो, नळ्या, बादली, गोळ्या कापडात बांधणारे हात, दाराच्या चाकाचा पीळ, टेलिफोन, जो वाजतो आणि पुन्हा वाजतो. एखाद्या मेकॅनिकनं सर्व्हिसिंग करावं तसं माणूस मारायचं काम चाललंय. सुझन हेवर्डला त्याच्यासाठी ऑस्कर मिळाला, पण त्या हातांना मिळायला पाहिजे होता.

तर शिक्का तोच, की शिक्का मारायचा नाही, गोष्टीला जे नको ते काढायचं. तुला हा शिक्का वाटतो का ते तू ठरव, तुझ्या एचओडींना विचारू नको, ते हिचकॉकच सांगतील.

एवढे पिक्चर कधी बघायचे? पोरगं दहावीला आहे, रात्री जेवण झाल्यावर जो काय वेळ मिळतो तेवढाच. एकच सांगा. (गृहिणी, मनीषनगर)

द सेट-अप, १९४९. ताई, फक्त बहात्तर मिनिटं. कॉमर्शियलवाल्या सिरियलच्या दोन भागांपेक्षा थोडं जास्त.

पस्तिशीचा एक थकलेला बॉक्सर, आजची त्याची लढत. त्याच्या मॅनेजरनं गुंडांकडून तो हरावा म्हणून पैसे खाल्लेत आणि त्यालाच सांगितलं नाही, कारण मॅनेजरला खात्री आहे की हा तसाही हरणारच आहे. एवढा अपमान! पडद्यावरची बहात्तर मिनिटं म्हणजे गोष्टीतली पण बहात्तर मिनिटं, सुरुवातीला चौकातल्या घड्याळात नऊ वाजून पाच झालेत आणि शेवटी सव्वादहाच्या पुढे काटा गेलाय, मध्ये उडी नाही. त्याची बायको तिकीट हातात घेऊन निघते पण आत जात नाही, नवऱ्याला मार खाताना बघवत नाही म्हणून रस्त्यांवर फिरत राहते, पुलावर थांबते, खालून ट्राम जातात, तिकीट फाडते, तुकडे खाली सोडते. तो रिंगणातून तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो. मारामारी आवडत नसेल तर ते राउंड डोळे मिटून घ्या, बायकोचा भाग सोडू नका. पोराला पण बसवा बरोबर, बहात्तर मिनिटांत बोर्ड बुडत नाही.

जाता जाता: अंक छापायला जायच्या आधी मानेवाड्याच्या पोराला मी उत्तर आधीच पाठवून दिलं होतं, लग्नाचा सीझन संपायच्या आत उपयोग व्हावा म्हणून. काल त्याचा मेसेज आला. बेचाळीसचे एकोणीस मिनिटं केले, ड्रोन एकच ठेवला, आजीला अकरा सेकंद दिले, गाणं काढलं. नवरीच्या घरी हॉलमध्ये टीव्हीवर सगळ्यांना दाखवला. आजीच्या शॉटला सगळे गप्प झाले म्हणे, नवरीची आई उठून आत गेली. "पण दादा, मावशीचा डान्स कटला होता ना बाप्पा, ते रुसून बसली, जेवली नाही. मग चार मिनिटं परत टाकले." तेवीस झाले. काढलेलं फुटेज त्यानं हार्डडिस्कवर जपून ठेवलंय, मी विचारलं.